मेंढीच्या पाठीवरची कोंबडी

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा माझं लग्न झालं. शहागडजवळच्या माहेरून अंबडकडच्या सासरी बैलगाडीने निघाले, तेव्हा आईने माझ्या मांडीवर एक डालगं ठेवलं. आत दोन तलंगा होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या. हा वाण तिला तिच्या आईने दिला होता. पिल्लू लहान असतानाच माझी आई त्याच्या उजव्या पायाचं मागचं बोट पेरापासून छाटायची. गल्लीतल्या पन्नास कोंबड्यांत आपली कोणती, ते त्या बोटावरून कळायचं.

सासूबाईंनी डालग्यात डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"कोंबडी उकिरड्याची. माझ्या वसरीवर न्हाई चालायची. तिकडं मेंढरात टाक."

नव्या नवरीने काय बोलायचं? मी डालगं उचललं आणि मेंढरं कोंडायच्या वाडग्यात नेऊन आपटलं. राग आला की मी वस्तू आपटते, आजही आपटते. सासूबाईंची अकरा मेंढरं होती. त्यांच्या कातरलेल्या लोकरीची घोंगडी घरात यायची आणि लेंड्या शेतात जायच्या. घरातल्या माणसांपेक्षा सासूबाईंची मेंढरांवर जास्त माया होती, असं मला तेव्हा वाटायचं. आणि अगदी खोटंही नव्हतं ते.

पण झालं असं, की त्या दोघी तलंगा तिथेच रमल्या. लेंड्या उकरून दाणे-किडे वेचायच्या. पुढे त्यांना गोचिडांची चव लागली. आधी मेंढी बसलेली असताना तिच्या पायाच्या, आचळाच्या गोचिड्या टिपायच्या, मग त्यांतली तांबडी एक दिवस उडी मारून थेट पाठीवर चढली. सगळ्यात म्हातारी मेंढी तर मान लांब करून डोळे मिटून उभी राहायची आणि तांबडी तिच्या कानामागचा एकेक गोचीड टिपायची. थंडीत पिल्लं लोकरीत शिरून झोपायची. एकदा मेंढ्याच्या खुराखाली एक पिल्लू चेंगरलं, ते सोडलं तर तीन वर्षांत काही वाईट घडलं नाही. कोंबड्या चौदा झाल्या. कोणी बघत नाही असं पाहून सासूबाई पदरातून मूठभर ज्वारी वाडग्यात फेकायच्या. मी पाहिलं होतं, पण बोलले नाही.

बाजाराला येणाऱ्या माणसांकडून आईला हे कळायचं. आई विधवा, घरात एकटी, त्यात दमा. कोंबडी मेंढीवर बसते हे ऐकून ती खोकला येईपर्यंत हसली म्हणे. एकदा डोळ्यांनी बघायला येते, असा तिचा निरोप होता.

ती यायच्या आधी तिच्या कोंबड्या आल्या. उन्हाळ्यात गावाकडच्या एका गाडीवानाने पाय बांधलेल्या पाच कोंबड्या आणून दिल्या आणि आईचा निरोप सांगितला. "हिकडं मानमोडी आल्ती. गावच्या कोंबड्या पटापटा मरून राह्यल्या. ह्या पाच धड हायेत. तुझ्यात ठिव. वाण बुडू देऊ नको."

गावात कोंबड्यांचा रोग आला की धडधाकट कोंबड्या लेकीच्या, बहिणीच्या गावी धाडायच्या, ही आमच्याकडची रीतच होती. सगळे हेच करायचे. धड दिसणाऱ्या कोंबडीच्या पोटातही रोग असू शकतो, हे कोणाच्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्याही नाही. मी त्या पाचांचे पाय सोडले आणि त्यांना आमच्या चौदांत मिसळून टाकलं. सासूबाईंनी कुठून आल्या विचारलं, मी सांगितलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी आईची एक कोंबडी पंख पाडून बसली. मग तिची मान पिळल्यासारखी मागे वळली. आठवड्यात एकोणीसच्या एकोणीस गेल्या. तांबडी मेंढीच्या पाठीवरूनच खाली पडली. म्हाताऱ्या मेंढीने तिला हुंगलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. आमच्यानंतर गल्लीतल्या गेल्या. बांधापलीकडे खड्डे खणून खणून माझ्या हाताला फोड आले. आईने एकच गोष्ट सांभाळायला दिली होती आणि ती मी माझ्या हाताने घालवली. मला रडू यायचं, पण रडायचीही लाज वाटायची.

गल्लीतल्या बायका दारात जमल्या. हिच्या माहेरानं रोग धाडला, असं एकीने तोंडावर म्हटलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"माझ्या सुनंच्या माहेराचं नाव काढायचं काम न्हाई. मानमोडी वाऱ्यानं येती."

घरात मात्र दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

महिन्याभरात मेंढरांना गोचिड्या लागल्या. मग आम्ही दोघी वाडग्यात बसून हाताने गोचिड्या काढायचो आणि करवंटीतल्या रॉकेलात टाकायचो. कोंबड्यांचं काम आमच्या बोटांवर आलं होतं. आईचा निरोप यायचा, कोंबड्या कशा हायेत? मी उलट निरोप द्यायची, खुशाल हायेत, मेंढरावर बसून राह्यल्या. सासूबाई हे ऐकायच्या आणि खाली मान घालून गोचीड शोधायच्या.

सुगी झाल्यावर आईचा निरोप आला. दमा वाढलाय, आता येऊन एकदा बघून जाते. मी तो सासूबाईंना सांगितला. दुसऱ्या दिवशी सासूबाई फडक्यात भाकरी बांधून पहाटेच बाहेर पडल्या. घनसावंगीकडे त्यांच्या बहिणीचं गाव, चार कोस तरी असेल. परतल्या त्या दिवेलागणीला, डोक्यावर डालगं घेऊन. आत सात कोंबड्या.

"ही तांबडी तिच्यावाणी दिसती का बघ."

"आत्याबाई, मायला कळंल."

"काय कळतंय? कोंबडीसारखी कोंबडी. दमेकरी बाईला कशाला घोर लावायचा? तू फक्त तोंड बंद ठिव, तेवढं जमलं तर बघ."

आई आली. गाडीतून उतरली आणि पाणीही न पिता वाडग्याजवळच्या दगडावर बसली. कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मेंढरं जवळ आली की पलीकडे पळत होत्या. तेवढ्यात म्हातारी मेंढी त्या तांबडीसमोर गेली, मान लांब केली, डोळे मिटले आणि उभी राहिली. तांबडी केकाटत कुडावर जाऊन बसली. मेंढी तशीच उभी.

"गाडीच्या आवाजानं बावरल्यात, ईनबाई," सासूबाई म्हणाल्या.

"असंल. ती तांबडी दे बरं इकडं."

मी कोंबडी धरून आईच्या मांडीवर दिली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिचा अंगठा हळूच कोंबडीच्या उजव्या पायाच्या मागच्या बोटावर गेला. बोट नखासकट शाबूत होतं. आईचा अंगठा तिथे थोडा वेळ थांबला.

"बराबर," ती म्हणाली. "माझीच हाय. चांगली भरलीय. लई सांभाळलं तुम्ही, ईनबाई."

सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू किल्ला जिंकला.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या गाडीबरोबर गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत चालत गेले. तिथे आईने गाडी थांबवायला लावली आणि माझा हात धरला.

"म्या धाडलेल्या कोंबड्यांनी तुमच्या बी मारल्या ना?"

मी मान हलवली.

"तुझ्या सासूच्या दारात म्या मर धाडली. तिनं बोलून न्हाई दाखवलं. वर कुठनं तरी कोंबड्या आणल्या, मला बरं वाटावं म्हणून." तिला धाप लागली. "वाण बुडला तर बुडू दे. ह्या बाईला जप. आन् मला कळलं हे तिला सांगू नको."

आई त्याच हिवाळ्यात गेली.

सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. दात गेले, मेंढरं गेली, पण ही गोष्ट त्या विसरल्या नाहीत. आल्या-गेल्याला रंगवून सांगायच्या, की मी चार कोस चालून कोंबड्या आणल्या आणि ईनबाईला पत्ता लागू दिला न्हाई. मग माझ्याकडे वळून विचारायच्या, "काय गं, हाय ना?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. तरी दर वेळी मी हातातलं काम थांबवून म्हणायची, "व्हय आत्याबाई. मायला शेवटपर्यंत कळलं न्हाई."