आरशातलं बोलणं

ताईंच्या खुर्चीत बसलं की बाया मन मोकळं करायच्या. पार्लरमध्ये खुर्च्या तीन होत्या, पण मधल्या खुर्चीसाठी लोक थांबून राहायचे. सासूच्या कुरबुरी, ऑफिसातला खडूस साहेब, मुलीचं न जमणारं लग्न, सगळं त्या खुर्चीत बाहेर पडायचं. "ताई ऐकतात कशा! नजर म्हणून हलत नाही," असं जी ती सांगायची.

ते खरंच होतं. ताई पाठीमागे उभं राहून केस विंचरायच्या, बटा चिमट्यात अडकवायच्या, कात्री चालवायच्या, पण त्यांचे डोळे समोरच्या आरशात, गिऱ्हाइकाच्या तोंडावर खिळलेले असायचे. त्याचं कारण फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक त्या स्वतः आणि दुसरे त्यांचे मिस्टर. ताईंना ऐकू येत नव्हतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांना एक वाईट ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. उजवा कान ठार गेला. डाव्याला दार आपटलेलं, भांडं पडलेलं तेवढं कळायचं. यंत्र लावून पाहिलं, तर केस वाळवायच्या मशीनची घरघर सगळी डोक्यात शिरायची आणि माणसांचं बोलणं बाहेरच राहायचं. मग ताईंनी यंत्र कपाटात टाकलं आणि कानांचं काम डोळ्यांकडे सोपवलं. तालीम मिस्टरांनी दिली. ते गावातली बस चालवायचे. ड्यूटीवरून आले की जेवताना समोर बसून दिवसभराची हकीकत आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सांगायचे. गोष्ट रंगात आली की घास तोंडात असल्याचं विसरायचे, आणि मग ताई म्हणायच्या, "आधी गिळा. अक्षर खराब येतंय."

चुका व्हायच्याच. मामा आणि बाबा ओठांवर एकसारखेच दिसतात. एकदा एका बाईचे मामा वारले, तर ताईंनी तिच्या वडिलांबद्दल दुःख व्यक्त केलं. बाई रडता रडता दचकली. पण अशा वेळी ताई हसून वेळ मारून न्यायच्या, आणि बायाही 'कामाच्या गडबडीत होतं असं' म्हणून सोडून द्यायच्या.

मग साथ आली, आणि मास्क आले.

सुरुवातीला ज्याची त्याची मर्जी होती. कोणी मास्क घालायचं, कोणी नाकाखाली, कोणी गळ्यात दागिन्यासारखा. पण ज्या घालून येत, त्यांच्यापुढे ताईंचा आरसा मुका झाला. कपाळ दिसायचं, भुवया हलायच्या, मास्कचं कापड आत-बाहेर व्हायचं, आणि बाई काय सांगतेय याचा पत्ता नाही. ताई अंदाजाने मान हलवू लागल्या.

व्हायचं ते एके दिवशी झालंच. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांची वेणी कमरेपर्यंत होती आणि त्यांना तिचा अभिमान होता. मास्कच्या आड त्या म्हणाल्या, बोटभर कापा. मग गळ्याशी बांधलेलं कापड आवळतंय म्हणून त्यांनी खांद्यावर हात नेऊन दाखवलं. ताईंना वाटलं, खांद्यापर्यंत. इतके लांब केस कापायचे म्हणून त्यांनी खांद्याला बोट लावून 'इथंच ना?' असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मुख्याध्यापिकांनी मान डोलवली. त्यांना वाटलं, कापडाचंच विचारतायत. आणि डोळे मिटून बसल्या.

डोळे उघडले तेव्हा वेणी जमिनीवर होती.

त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या आरशात बघत राहिल्या, आणि मास्कची वरची कड ओली होत गेली. त्या गेल्यावर मालकीणबाईंनी ताईंना फैलावर घेतलं. मालकीणबाई मास्क लावत नसत, त्यामुळे शब्दन् शब्द दिसत होता. "लक्ष कुठं असतं गं तुझं हल्ली? डोकं ठिकाणावर आहे का?" ताईंनी मान खाली घातली. बहिरं असण्याचा तेवढा एक फायदा, मान खाली घातली की समोरच्याचं बोलणं संपतं. पण त्या दिवशी खाली केस पडले होते.

त्याच सुमारास मिस्टरांच्या बरोबरीचा एक ड्रायव्हर साथीत गेला. पाठोपाठ मिस्टर तापाने फणफणले. आधीच दमेकरी माणूस. त्यांनी स्वतःहून मागच्या खोलीत मुक्काम हलवला. त्या खोलीला गॅलरीकडे काचेचं दार होतं. ताई दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या आणि मिस्टर पलंगावरून बोलायचे, आवाज न काढता, नेहमीसारखे. इतर आजारी माणसांच्या घरच्यांना फोन कानाला लावून ताटकळत बसावं लागत होतं. या दोघांचं मात्र बंद काचेतून सगळं चाललेलं होतं. खोकला आला की मिस्टर हात वर करून 'थांब' म्हणायचे, आणि खोकला संपला की वाक्य तिथूनच पुढे. समोरच्या गॅलरीतल्या शेजारणीला एवढंच दिसायचं, की आत एक माणूस नुसतं तोंड हलवतोय आणि बाहेर बायको हसतेय. आजार डोक्यात गेला, अशी तिची खात्री पटली आणि तिने मुकाट्याने डबा पाठवायला सुरुवात केली.

मिस्टर बरे झाले, पण जिना चढताना मधे थांबू लागले.

अशात नगरपालिकेने जाहीर सभा बोलावली. दुकानं, बस, पार्लर, सगळीकडे मास्कची सक्ती करायची का, लोकांनी येऊन बोलावं. मालकीणबाई तावातावाने म्हणाल्या, "तू बोल. बायकांचा तुझ्यावर विश्वास आहे. तोंड बांधून कोणी पार्लरला येतं का? सांग त्यांना." ताई हो म्हणाल्या. कारण त्यांचं वेगळं होतं, ते त्यांनी पोटात ठेवलं.

संध्याकाळी त्यांनी घरी सांगून टाकलं. "अहो, मी विरोधात बोलणारे."

मिस्टरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी बाजूने बोलणार आहे. ड्रायव्हर लोकांनी माझं नाव दिलंय."

"वाटलंच मला."

"मग एकत्र जायचं का वेगवेगळं?"

"एकत्र. येताना भाजी घ्यायचीय."

सभागृह गच्च भरलं होतं. एक रांग सोडून एक अशी बसायची सोय केली होती, तरी लोक भिंतीला टेकून उभे. सक्ती हवी म्हणणारे मास्क लावून आले होते, नको म्हणणारे मुद्दाम उघड्या तोंडाने. बोलणाऱ्यांना बाजूच्या भिंतीलगत, सभेकडे तोंड करून बसवलं होतं. ताईंनी तिथून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की या सभेतली एकच बाजू आपल्याला ऐकू येणार आहे.

आणि ती फारच ऐकू आली. माईकवरचं तर आलंच. धंदा बुडेल, मुलं घाबरतात, माझ्या तोंडाचा मालक मी. त्यातलं काही त्यांना पटलंही. पण माईकपासून लांब बसलेली माणसं शेजारच्याच्या कानात जे पुटपुटत होती, तेही त्यांना दिसत होतं. कुणाला दुपारच्या झोपेची आठवण येत होती, कुणी नगराध्यक्षांच्या साडीला नावं ठेवत होती.

मग मिस्टर उठले. माईकपाशी जाईपर्यंतच त्यांना धाप लागली. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. एकदा त्यांनी छातीवर हात ठेवला, एकदा ताईंच्या दिशेने बोट केलं. ते काय बोलतायत, याचं एक अक्षर ताईंना कळलं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं. भर सभेत त्यांना रडू आलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला एक उघड्या तोंडाचा गृहस्थ शेजाऱ्याकडे वळला. ताईंना त्याचे ओठ स्वच्छ दिसले. "याने घरी बसावं ना. असाही किती दिवसांचा सोबती आहे हा? त्याच्यासाठी आपण का तोंड बांधायचं?" शेजारी हसला.

मिस्टर परत येऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी ताईंच्या कोपराला हात लावला. ताईंचं नाव पुकारलं होतं.

ताई माईकपाशी गेल्या. मालकीणबाईंनी पहिल्या रांगेतून मान हलवून धीर दिला.

"मी पार्लरमध्ये काम करते," ताई म्हणाल्या. आवाज जरा मोठाच लागला. "मी मास्क नको, असं सांगायला आले होते. कारण मला ऐकू येत नाही. गेली कित्येक वर्षं येत नाही. मी माणसांचे ओठ बघते, त्यावरून मला कळतं. तुम्ही तोंड झाकलंत की माझ्यापुढे भिंत उभी राहते. त्या भिंतीपायी मी एका बाईंचे केस कापून बसले. त्यांची माफी मागते." थांबून त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. "पण आज इथं ज्यांची तोंडं उघडी आहेत, त्यांचं मी सगळं ऐकलं. माईकवरचं, आणि माईकवर नसलेलंसुद्धा."

त्यासरशी सभागृहातल्या उघड्या तोंडांवर भराभर हात गेले. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थाने दोन्ही हात लावले. एका क्षणात सगळी सभा झाकलेल्या तोंडाने बसलेली दिसली, आणि कुठूनतरी हशा पिकला. हशा ताईंना ऐकू आला नाही, खांदे हललेले दिसले.

"मी कोणाचं नाव घेत नाही," त्या म्हणाल्या. "सक्ती करा. माझ्या माणसाला धाप लागते. पण माझ्यासारख्यांचं काय करायचं, तेही त्यात लिहा. आम्हाला भिंतीपलीकडे टाकून देऊ नका."

नगराध्यक्षा मास्कमधून काहीतरी बोलल्या. ताई म्हणाल्या, "दिसलं नाही, बाई." नगराध्यक्षा गोंधळल्या. मग त्यांनी आपली खुर्ची सरकवत सरकवत पार मागच्या भिंतीला टेकवली, मास्क हनुवटीखाली घेतला आणि सावकाश विचारलं, "काय केलं म्हणजे तुमचं भागेल?"

"हे आत्ता तुम्ही केलंत ना, तेवढंच," ताई म्हणाल्या.

सक्ती झाली. खाली एक कलम जोडलं गेलं. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापासून लांब होऊन किंवा काचेआडून मास्क खाली घ्यावा, नाहीतर लिहून द्यावं.

मालकीणबाई बाहेर पायरीवर वाट बघत उभ्या होत्या. चांगल्याच घुश्शात. "म्हणजे इतकी वर्षं मी पाठीमागून हाका मारत होते, आणि मला वाटायचं ही बाई कुर्रेबाज आहे! सांगितलं का नाहीस गं?"

"काढून टाकलं असतंत."

मालकीणबाई खरं तेच बोलल्या. "तेव्हा कदाचित टाकलं असतं." आणि पुढे होऊन मिठी मारायचं काही जमेना, म्हणून त्यांनी ताईंच्या हातातली पिशवी हातात घेतली आणि भाजीवाल्यापर्यंत नेऊन दिली.

घरी आल्यावर ताईंनी भाजी ओट्यावर टाकली, मिस्टरांना खुर्चीत बसवलं आणि समोर बसल्या. "हं. आता बोला. तिथं काय बोललात ते सगळं."

मिस्टरांनी मास्क काढला. लाजले थोडे. मग आवाज न काढता म्हणाले, "माझी बायको माझ्याविरुद्ध बोलणार आहे. तिचं बरोबर आहे. नियम केलात तर तिचं निम्मं जग बंद होईल. पण मी गेलो, तर घरात तिच्याशी बोलणारं कोणी उरत नाही. तेव्हा नियम करा आणि तिच्यासाठीही काहीतरी सुचवा. मी खूप विचार केला, मला काही सुचलं नाही."

ताईंनी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. दिसलं होतं सगळं, तरीही.

पार्लरमध्ये दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिका आल्या. मानेवर आखूड केस, हातात शाळेतली पाटी आणि खडूची डबी. खुर्चीत बसल्या आणि पाटीवर सुंदर अक्षरात लिहिलं, 'उन्हाळ्यात बरं वाटतंय. असेच ठेवा.' पाटी त्या तिथेच ठेवून गेल्या. मग बाया लिहायला लागल्या. काहींनी येणं सोडलं. आपलं बोलणं कोणी इतकं निरखत होतं, या कल्पनेनेच त्या संकोचल्या, आणि त्याचं ताईंना वाईट वाटलं. पण ज्या राहिल्या, त्यातल्या काही जणी जे कधी तोंडाने बोलल्या नव्हत्या, ते पाटीवर लिहू लागल्या. ताई वाचायच्या, आरशात डोळ्याला डोळा भिडवायच्या, ओल्या फडक्याने पाटी पुसायच्या आणि कंगवा उचलायच्या.

साथ ओसरली, सक्ती उठली. ज्या नव्या बाया त्या काळात जोडल्या गेल्या होत्या, त्यांची तोंडं ताईंनी प्रथमच पाहिली. कुणाच्या ओठावर तीळ निघाला, कुणाचा दात किंचित पुढे. अशीच एक मुलगी खुर्चीत बसली आणि मोकळ्या तोंडाने भडाभडा बोलत सुटली. पूर्वी ताईंनी अंदाजाने मान डोलवली असती. आता त्यांनी कात्री खाली ठेवली आणि आरशातून तिच्याकडे बघून हसल्या.

"जरा सावकाश हं, बाळा," त्या म्हणाल्या. "तुझे ओठ मला अजून नवीन आहेत."