अडीच फुटांचा गणपती आणि चाळीस फुटांचा नवस

आमच्या वाडीचा ओढ्यावरचा साकव ऐतिहासिक आहे, म्हणजे त्याच्या तुळईला साधा खिळा ठोकायलाही परवानगी लागते. ऐनाच्या लाकडाचा, चाळीस फूट लांब, वर कौलारू छप्पर, छपराखाली अकरा तुळया. पाहुणे त्याचे फोटो काढतात. आम्ही त्यावरून गणपती आणतो.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा, वसंताचा, मुंबईहून फोन आला. "दादा, यंदा मूर्ती तीन फुटी आणूया!"

"आणि साकवाची उंची हिशेबात कोण धरणार?" असं विचारून मी टेप घेऊन निघालो. (हे मे महिन्यात. माझी कामं वेळेवर असतात.) आमचा गणपती यजमानाच्या डोक्यावरून येतो आणि घरच्या मखराआधी कुठेही उतरत नाही. म्हणून मोजलं: फळीपासून तुळईपर्यंत आठ फूट दोन इंच. मी पाच फूट चार, पाट एक इंच, मूर्ती अडीच फूट. एकूण सात फूट अकरा. शिल्लक तीन इंच! "अडीच. एक सूतही जास्त नाही," मी निकाल दिला.

चतुर्थीला साकवाखालचा पऱ्या दुथडी वाहत होता. गणपती माझ्या डोक्यावर, पुढे झांज वाजवत वसंता, मागे बायको आणि शेजारचे भिकूकाका. साकवावर चार पावलं टाकली आणि वसंता ओरडला, "दादा, थांब! मुकुट आपटेल!"

"नाही आपटणार. तीन इंच आहेत."

"अरे, तुळई मुकुटाच्या खाली आहे!"

मी भडकलो. पणजोबांच्या काळापासून न हललेली तुळई एका पावसाळ्यात खाली येते? "टेप काढ! माझ्या खिशात आहे!" (हो, चतुर्थीलाही.) वसंताने मोजलं. सात फूट दहा!

"तुळई नाय खाली आली," भिकूकाका शांतपणे म्हणाले. "फळ्या वर आल्यात. श्रावणात जुन्यांवर लाकडी रिपा टाकून नव्या घातल्यान. चार इंच."

"हा काय गाढवपणा! जुन्या काढायला काय झालं होतं? कुणा शहाण्याने सांगितलं ह्यांना?"

"अहो, तुम्हीच," बायको म्हणाली. "पंचायतीला तीन अर्ज दिलेत. 'ऐतिहासिक फळ्यांना हात न लावता' हे शब्द माझ्याकडूनच लिहून घेतलेत."

गणपती उतरवायचा नाही, माघारी न्यायचा नाही, पऱ्यात पाय घालायचा नाही. उरलो मी. वसंता आणि भिकूकाकांनी दोन्हीकडून पाट धरला आणि मी गुडघ्यांवर बसलो. चाळीस फूट! नव्या फळ्यांना रंधाही मारलेला नव्हता. (अर्जात तेवढं राहिलं होतं.)

पलीकडे अर्धी वाडी हात जोडून उभी.

"काय कडक नवस बोललान हो ह्यांनी!"

"नवस कसला," वसंता हसला, "दादाचं माप..."

"नवसच आहे!" मी ओरडलो. माझं माप चुकलं हे ऐकायला ज्यांनी वीस वर्षं वाट पाहिली, ते सगळे समोरच होते.

"किती वर्षांचा?" कुणीतरी भक्तिभावाने विचारलं.

"पाच!"

दोन झाली, तीन उरलीत. एक म्हणालो असतो तरी भागलं असतं. हिशेबाच्या माणसाचा एका दिवसात चुकलेला हा दुसरा आकडा.