गफूरचाचांना मी बाजू बदलायला लावली

लोकहो, वाचा आणि खरं उत्तर द्या.

जालना रोडवर मी रोज सायकलनं कामाला जातो. गफूरचाचा पण. साठी ओलांडलीय, शहागंजात शिलाई मशीन दुरुस्त करतात. पण ते कायम राँग साईडनं, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर. सिग्नलला आमची भेट व्हायची.

"चाचा, मराल एक दिवस."

"पीछे से आनेवाला दिखता नै बेटा. सामनेवाला दिखता, तो मैं बाजू हो जाता."

महिनाभर मी त्यांना नियम ऐकवले. आज सकाळी हसले. "चल, तेरी बाजू से चलता. तेरी बकबक तो बंद होगी."

मी पुढं, ते मागं. सेव्हन हिलच्या पुलाअलीकडं मागून टेम्पो आला. मला नुसता आवाज आला.

चाचांचा खुबा मोडलाय. चालता येईल का, डॉक्टर सांगत नाय.

दवाखान्यात त्यांच्या मुलीनं विचारलं, "अब्बा कायम पलीकडून यायचे. आज इकडं कसे?"

चाचा गुंगीत होते. मी म्हणालो, "काय माहीत."

आता तिच्यासाठी डबा घेऊन परत चाललोय. खरं सांगून चाचांचं काय भलं होणार, असं मन म्हणतंय. पण मन माझंच आहे.

तुम्ही सांगितलं असतं का?