शेवटच्या फुग्यातलं गाऱ्हाणं

माझं कॉमिक वाचून लोक हसतात तेव्हा मला त्यांच्या हातातून ते ओढून घ्यावंसं वाटतं. तारकर्लीच्या एका लॉजवर ते पाहुण्यांसाठी ठेवलंय. परवा तिथे एक बाई शेवटचं पान नवऱ्याला वाचून दाखवत होत्या आणि दोघंही डोळे पुसेपर्यंत हसत होते. मी लेखक आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "काय हो तुमची भाषा! अगदी जिवंत!" मी म्हटलं, "हो ना." दुसरं काय बोलणार? भाषा माझी नव्हतीच मुळी.

मी मालवणात शाळामास्तर. मराठी शिकवतो, शुद्धलेखनाचे तांबडे गोल काढतो. काही वर्षांपूर्वी मुलांसाठी चित्रकथा करायचं डोक्यात शिरलं. चित्रं पुण्याचा एक चित्रकार काढणार, फुग्यांतलं बोलणं मी लिहिणार. नायक म्हणून आमच्याकडचा एक म्हातारा घेतला, कमरेला पंचा आणि काखेत कोंबडा. वीस पानं करून पाठवली. प्रकाशकाचा फोन आला, "सर, चित्रं बघून हसू येतं, पण फुगे वाचले की जातं."

खरंच होतं ते. माझा म्हातारा चिखलात आपटायचा आणि म्हणायचा, "अरेरे! माझा पाय घसरला वाटतं!" असं कोण बोलतं हो? मी पण नाही बोलत, आणि मी तर मास्तर आहे.

तेव्हा मला थोरले काका आठवले. ते गावात राहतात, मालवणपासून एस्टीने तासाभराच्या वाटेवर. भात, थोडे काजू, एक म्हैस. माझ्या लहानपणी एकदा ते शेताच्या बांधावरून, म्हणजे आमच्या मेरेवरून, घसरून कमरेइतक्या चिखलात बसले होते. मी धावत गेलो, "काकानू, पडलास?" तर म्हणतात कसे, "पडाक नाय रे. हय जमीन कितकी खोल आसा ता बगतंय."

तो संवाद जसाच्या तसा फुग्यात घातला. प्रकाशक फोनवरच हसत सुटला. मलाही मग कळलं, की पडलेला माणूस 'पडलो' म्हणत नाही, तिथे खरी गंमत आहे. फुग्यात दहा-बारा शब्द मावतात. त्यांत विनोद कोंबायला गेलं की फुगा फुटतो. माणसाला नुसतं त्याच्या तऱ्हेने बोलू द्यायचं, एखादा 'रे', एखादा 'गो' आणि थोडा हट्ट. लोक आपोआप हसतात.

झालं, मला नादच लागला. दर रविवारी गावी जायचो. पोचताच काका ओसरीवरून ओरडायचे, "इलंस मेल्या? जेवलंस काय नाय?" मी वही काढायचो. ते म्हशीशी भांडायचे, काकीची समजूत काढायचे, विजेच्या खांबाला शिव्या घालायचे, आणि मी लिहून घ्यायचो. "लिवन कित्याक घेतंस रे? मी काय आमदार आसंय?" असं विचारायचे, पण खूश असायचे. आमच्याकडे माणूस तलाठ्यासमोर, बँकेत, डॉक्टरकडे गेला की शुद्ध बोलतो, इस्त्रीचा सदरा घालावा तसा. काकाही तिथे "होय साहेब, आलो होतो साहेब" असंच बोलायचे. माझ्याशी कधी नाही.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. गावच्या देवळात वर्षातून एकदा, दुपारच्या महाप्रसादाआधी, देवाला गाऱ्हाणं घालतात. देवाशी सरळ बोलायचं, मोठ्याने, सगळ्या गावाच्या वतीने. एकेक मागणं झालं की जमलेला गाव एका सुरात म्हणतो, "व्हय महाराजा!" हा मान आमच्या घराण्याचा, म्हणजे काकांचा. काकांची पक्की समजूत होती की गाव 'व्हय' म्हणाला तरच मागणं देवाच्या कानी जातं. एकट्याने घरात बसून कितीही मागा, ते पोचत नाही.

आणि काकांना मागायचं एक होतं. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, बापाशी भांडून घर सोडून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. फोन नाही, पत्र नाही, कुठे आहे पत्ता नाही. काकांनी त्याचं नाव घेणं सोडलं. पण दर वर्षी पाऊस, पीक, गुरंढोरं सगळं मागून झालं की शेवटी ते जरा थांबायचे आणि म्हणायचे, "आणि जो कोण घर सोडून भायर गेलो हा, तेका घराची वाट आठवांदे रे महाराजा!" कोणाबद्दल ते पोराटोरांनाही ठाऊक. त्या एका मागण्याला गाव जरा हळू आवाजात 'व्हय' म्हणायचा.

ते वाक्य मी उचललं.

माझ्या पुस्तकातला म्हातारा आधी देवाला सांगतो, "बा देवा महाराजा, सातची एस्टी नवाक येता, ती निदान साडेआठाक तरी येवंदे रे महाराजा!" इथवर ठीक होतं. मग त्याचा लाडका कोंबडा हरवतो. म्हातारा देवळात उभा राहून रडवेल्या तोंडाने गाऱ्हाणं घालतो, काकांच्या शब्दांत, एक अक्षर न बदलता. शेवटच्या चित्रात देवळालगतच्या आपल्या घरात शेजारी ताटावरून घाईघाईने उठतो आणि रस्सा लागलेले हात जोडून सगळ्यांत मोठ्याने ओरडतो, "व्हय महाराजा!" खाली ताटात तंगडी.

हे लिहिताना मी स्वतःच हसलो होतो. काकांना विचारलं नाही. घरचंच बोलणं, त्यात विचारायचं काय, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, ते नाही म्हणतील ही भीती होती आणि वाक्य सोडवत नव्हतं. इतकं नेमकं वाक्य मला शंभर वर्षं बसून सुचलं नसतं.

पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत सही करून काकांच्या हातात दिली. चष्मा लावून ते वाचायला बसले. मेरेवरून घसरण्याच्या पानावर खो खो हसले, काकीला हाक मारली, "बग गो, माका छापल्यान!" एस्टीच्या पानावर मांडीवर थाप मारली. मग शेवटचं पान उघडलं. बराच वेळ ते ताटाचं चित्र बघत राहिले. मग पुस्तक मिटून म्हणाले, "बरा आसा." मला वाटलं, गहिवरले. मूर्ख कुठला!

पुस्तक खपलं. शेवटच्या फुग्याचे रील निघाले. गावातल्या पोरांनीच काढले, परके कुठून येणार?

त्या वर्षी गाऱ्हाण्याला देऊळ भरलं होतं. काकांनी पाऊस मागितला, पीक मागितलं. शेवटी नेहमीसारखे थांबले. "आणि जो कोण घर सोडून..." एवढंच म्हणाले आणि मागून कोणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. हशा पिकला. म्हातारी माणसंसुद्धा तोंडाला पंचा लावून हसली. आईशपथ सांगतो, त्यात वाईट मनाचं कोणी नव्हतं. हसू आलं, हसले. मी तसंच लिहिलं होतं ना? काकांनी वाक्य पुरं केलं नाही. नारळ खाली ठेवला आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेले.

पुढच्या रविवारी मी गेलो. ओसरीवर बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. म्हणाले, "या. बसा. चहा घेणार का आपण?"

मी म्हटलं, "काकानू, असा काय बोलतास?"

"काही नाही. बसा ना."

त्या दिवसापासून माझ्याशी ते असेच बोलतात. रागावत नाहीत, टाकून बोलत नाहीत. एक शिवी दिली असती तर मी त्यांचे पाय धरले असते. पण माझ्यासमोर त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला तो चढवलाच. मी पाय वाजवत आलो की आतलं काकीशी चाललेलं बोलणं थांबतं. आता वहीत लिहायला काही नाही. प्रकाशक दुसरा भाग मागतोय. मी त्याला सांगितलं, म्हातारा मेला.

पुढच्या वर्षी काकांनी गाऱ्हाणं घालायला नकार दिला. गावच्या बैठकीत म्हणाले, "माझा पुतण्या आहे. शिकलेला आहे. तो घालील." मान घराण्याचा, टाळता येत नाही. मी नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहिलो. काका मागे खांबाला टेकून हात जोडून उभे होते. त्या गर्दीत त्यांच्यासाठी मागणारा आता मी एकटाच उरलो होतो, हे मला कळत होतं. पाऊस मागितला, पीक मागितलं, गुरंढोरं मागितली. गाव दणदणीत 'व्हय महाराजा' म्हणत होता. मग मी थांबलो. मान वळवली, तर सात-आठ मोबाइल वर उचललेले दिसले. पोरांच्या तोंडावर हसू तयारच होतं. माझी वाट बघत होती पोरं.

माझी छाती झाली नाही. "काय चुकला असात ता पोटात घाल रे महाराजा," असं घाईने म्हणून मी नारळ फोडला.

लोक पंगतीला पांगले. काका खांबापाशीच होते, हात अजून जोडलेले. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी ते खाली घेतले.

"छान म्हणालात," ते म्हणाले. "तेवढं एक मागायचं राहिलं."