पाथ्रीकरांचे बासष्ट टक्के

सुबोध घाटपांडे २००८च्या संक्रांतीला देवदत्त पाथ्रीकरांच्या तावडीत सापडला. रेल्वेतला इंजिनिअर, भुसावळहून बदली होऊन लखनऊला आलेला, त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. बायकोला, अंतराला, अलीगंजमध्ये महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला सोडून तो फाटकाबाहेर स्कूटर उभी करतो न करतो, तोच धुक्यातून एक मफलर चालत आला. मफलरच्या वर चष्मा होता, खाली पोट होतं आणि मधून एक हात निघाला. त्या हाताने सुबोधचा हात असा धरला की इंजिनाला डबा जोडतानासुद्धा एवढा हिसका बसत नाही. मग तो सुटलाच नाही. सुबोधचं गाव, सासर, घरचा गणपती दीड दिवसाचा की पाच, वरणात गूळ की नाही, सगळं काढून झालं. समोरच्या घरावर तेवढ्यात दुसरा मजला चढला असता.

"उत्तम," पाथ्रीकर अखेर म्हणाले. "रेल्वे कॉलनीत मी साडेतीन टक्क्यांनी वर गेलो."

"कशात, सर?"

"रविवारी घरी या, कळेल. पुरणपोळी आहे."

सुबोध पुरणपोळीसाठी गेला. पाथ्रीकर एका संशोधन संस्थेत गवताच्या बियांवर काम करत. बावीस वर्षं त्यांनी बिया मोजल्या होत्या आणि त्यातून देशाला काय मिळालं हे बियांनाही ठाऊक नव्हतं. पण त्यांचं मन गवतात नव्हतंच. त्यांना मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं. गणेशोत्सवाच्या उद्घाटनाला पाहुण्यांशेजारच्या खुर्चीत, गळ्यात हार घालून बसायचं होतं. बावीस वर्षं ते समोर चौथ्या रांगेत बसत आले होते आणि निवृत्तीला पाच वर्षं उरली होती.

यासाठी त्यांनी काय केलं? लोकांना भेटले? मांडवाचे बांबू उचलले? छे. त्यांनी नाझा मार्केटातून निवडणुकीच्या खेळाची एक सीडी आणली.

खेळ अमेरिकेतल्या निवडणुकीचा होता. पण त्यात एडिटर होता, म्हणजे उमेदवारांची नावं बदलता येत, राज्यांची नावं बदलता येत आणि प्रत्येक राज्यापुढच्या चौकटीत कोणाला किती टक्के मतं हेही आपणच भरायचं. नकाशा मात्र बदलत नसे. त्यामुळे टेक्सासचं अलीगंज झालं होतं, फ्लोरिडाची रेल्वे कॉलनी झाली होती आणि लखनऊ छावनीला अलास्का मिळालं होतं.

"आकडे आणता कुठून, सर?" पोळीवर तूप घेत सुबोधने विचारलं.

"निरीक्षण! छावनीतले मेजर परवा माझ्या विनोदावर हसले. सत्तर टक्के. अध्यक्ष गोपीनाथने दुसऱ्यांदा चहा विचारला नाही. त्याच्या गल्लीत पंचावन्न."

"आणि ही 'अनिर्णित'ची चौकट? सगळीकडे शून्य कसं?"

"मराठी माणूस आणि त्याचं मत ठरलेलं नाही? असं कुठे असतं का, सुबोधराव?"

सरासरी बासष्ट टक्के निघत होती. मग पाथ्रीकरांनी खेळ चालवून दाखवला. ते निवडून आले. पुन्हा चालवला, पुन्हा निवडून आले. आतापर्यंत शंभर वेळा चालवून झाला होता आणि ते शंभर वेळा निवडून आले होते. स्वतः पेपर काढायचा, स्वतः सोडवायचा, स्वतः तपासायचा आणि पहिला आलो म्हणून पेढे वाटायचे, असा हा थोर शास्त्रज्ञ! सुबोधला त्या माणसाचा एवढा तिटकारा आला की त्याने तिसरी पोळी नाकारली. चौथी मात्र घेतली.

"अहो, त्यांना नीट जेवू तरी द्या," आतून शुभदावहिनी म्हणाल्या. त्या खोलीत येऊन पडद्याकडे कधीच बघत नसत.

जुलैत मंडळाची वार्षिक सभा झाली. तिथे मतदानाची पद्धतच नव्हती. मावळत्या अध्यक्षांनी एक नाव सुचवायचं, सगळ्यांनी "हो हो" म्हणायचं आणि बटाटेवडे गार व्हायच्या आत उठायचं, अशी बत्तीस वर्षांची वहिवाट. गोपीनाथ मावळते अध्यक्ष होते. ते म्हणाले, "यंदा मधुमतीताई."

"हो हो" निघणार, तोच चौथ्या रांगेतून पाथ्रीकर उठले. "माझा अर्ज आहे. मतदान घ्या!"

सगळ्या माना चौथ्या रांगेकडे वळल्या. बाहेर कढईतलं तेल चरचरत होतं.

"अरे यार, पाथ्रीकर, कशाला?" गोपीनाथ कळवळले. "वडे तयार आहेत."

"लोकशाही आहे, गोपीनाथजी."

चिटणीस चित्राताईंनी सभासदांची वही उघडली आणि नावं वाचायला घेतली. सौ. नंदा, सौ. यमुना, सौ. पद्मा, सौ. अंतरा घाटपांडे... पाथ्रीकरांचा चेहरा हळूहळू गवताच्या रंगाचा झाला.

"एक मिनिट. मेजर कुठायत? सुबोधराव कुठायत?"

"घरामागे एक मत. वहीत ज्याचं नाव, त्याचं मत," चित्राताई म्हणाल्या. "पुरुष कायम दौऱ्यावर, नाहीतर बदलीवर. त्यांना कुठे गाठायचं? म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच नावं लिहून घेतो आम्ही. पहिल्यापासून."

"मग माझं नाव?"

"अहो, खाली बसा," शुभदावहिनी म्हणाल्या. "तुमच्या घरातून माझं आहे. उमेदवार म्हणून उभे राहा हवं तर, मत नाही देता यायचं."

बावीस वर्षांत या निरीक्षकाने ती वही उघडून पाहिली नव्हती. ज्यांना मतच नव्हतं अशा नवऱ्यांची मनं त्याने दशांश चिन्हापर्यंत मोजली होती.

मधुमतीताईंना सत्तेचाळीस मतं पडली, पाथ्रीकरांना तीन.

"निदान तू तरी?" वडा हातात तसाच धरून त्यांनी बायकोला विचारलं.

"मी मधुमतीला दिलं. तुम्ही अध्यक्ष झाला असता तर भाषण घरी पाठ केलं असतंत. ऐकायचं कोणी?"

माणूस खचला असेल, निदान लाजला असेल, असं समजून पुढच्या रविवारी सुबोध त्यांच्याकडे गेला. आपण मनातल्या मनात त्यांना फार नावं ठेवली, असंही त्याला वाटायला लागलं होतं. पाथ्रीकर संगणकापुढे बसले होते.

"या, सुबोधराव! चूक सापडली. डेटा नवऱ्यांचा होता. आता बायकांचे टक्के भरतोय. हे बघा, अलीगंज अठ्ठावन्न, छावनी चौसष्ट."

"कोणाला विचारलंत?"

"अंदाज असतो माणसाला."

"आणि तुमच्या घरी?"

"शंभर," पाथ्रीकर म्हणाले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी चहा सांगितला.

चहा आला नाही. सुबोधला वाईट वाटायचं बंद झालं.

मंडळाने त्यानंतर पुन्हा मतदान घेतलं नाही. पाथ्रीकर २०१३ साली निवृत्त होऊन परभणीला गेले.