पराटीतली हसरी माय

भुताखेताच्या गोष्टीले मी हसणारा माणूस. एकदा एक मावशी म्हणाली, जऊळका स्टेशनामागं मुंडक्याबिगरचा माणूस दिसते. म्या म्हतलं, मावशी, म्या काढलेल्या लग्नाच्या फोटूत तसे ढीगभर दिसतात. चौथी नापास फोटूवाला आहो मी. हे बी मोबाईलमंदी बोलून राह्यलो, लिहून थोच राह्यला. पण हे माह्यासंगच झालं...

गेल्या दिवाळीनंतर वाशीमले फोटूचं प्रदर्शन होतं. विषय – शेतातली बाई. कॅमेरा घेऊन वावरात गेलो तर बायाईनं पाठ फिरवली, एकीनं ढेकूळ हाणलं. मंग दुकानात बसून मोबाईलच्या एआयले सांगतलं – म्हातारी, पराटीत कापूस वेचून राह्यली, हसून राह्यली. बस, इतकंच. फोटू असा निघाला का मीच गार. खाली माहं नाव टाकलं अन् धाडला. पयला नंबर आला. शाल भेटली. भाषण बी ठोकलं – तीन घंटे उन्हात बसलो होतो म्हणून.

खाली उतरलो तर एक माणूस फोटूसमोर उभा. आसेगावचा, दिगांबर. हालेच ना.

"भाऊ, हे माही माय आहे."

"साऱ्याईच्याच माया अशा दिसतात, दादा."

"ओटी पाहा."

कापूस टाकाले बाया कमरेले फडकं बांधतात ना, ते ओटी. फोटूतली ओटी शाळेच्या जुन्या शर्टाची होती. खिसा तसाच, खिशाले लाल दोऱ्याचे टाके.

"माहा शर्ट आहे थो. खिसा म्या फाडला, मायनं शिवला. घरी तिचा एक फोटू नाई, भाऊ. कवा काढला तुमी?"

खिशाचं म्या मशीनले सांगतलंच नव्हतं. पण आंगावर शाल होती ना... म्हतलं, "झाले असतीन आठ वर्सं."

त्याचं तोंड उतरलं.

"म्हणजे मी घरी होतो तवाचा. सहा वर्साआधी मायसंग भांडून पुण्याकडं कामाले गेलो. दोन वर्सानं माय गेली, मी आलो ते मातीलेच. मले वाटलं, मी गेल्यावर बी हसत असन तर..."

पाच म्हतलं असतं तर काय जात होतं माहं? तोंडात पयला आकडा आला, थो फेकला...

आठ दिवस जेवण गोड लागलं नाई. शाल वापस केली अन् आसेगावले गेलो.

"दादा, मी खोटारडा आहो. फोटू मशीननं बनवला. साल-बिल काई नाई त्याले."

त्याच्यासमोर मोबाईलमंदी तेच बोलून दाखवलं. मशीननं भलतीच म्हातारी काढून देली. ओटीचा पत्ता नाई.

दिगांबर घरात गेला, मायची ओटी घेऊन आला. तोच खिसा, तोच लाल दोरा.

"हे मशीनले कोनं सांगतलं?"

त्यानं चहा ठेवाले सांगतला, मले खाटेवर बसवलं.

"भाऊ, माहं मन राखाले तुमी इतक्या लांब आले. पण खोटं कायले बोलता? आठ वर्साआधीचाच आहे थो. मी गेल्यावर माय हसली नसन... मले मालूम आहे."

खिसा मशीनले कसा समजला, हे मले आज बी उमगलं नाई. अन् थ्या आठाचं पाच कसं करू, हे बी नाई.