हनोईत सणसरची गाडी

पाठीवर सॅक अडकवून परदेशात हिंडायचं हे खूळ ह्यांचं. मी बारामतीला शाळेत विज्ञान शिकवत होते. आमच्या स्टाफरूममध्ये परदेश म्हणजे टूर कंपनीची टोपी, झेंडा धरलेला गाईड आणि संध्याकाळी वरणभात. ह्यांना ते नको होतं. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या कडेकडेनं गेलेली. रिटायर झाले आणि म्हणाले, "दोघांनीच जायचं. कुणी हाकणारा नको." मी म्हटलं, माझीही निवृत्ती होऊ दे, मग बघू. ऐकेनात. "याच वर्षी. गुडघे आहेत तोवर."

बंगळुरूच्या मुलीनं हनोईची तिकिटं काढून दिली. मी दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि निघालो.

हनोईच्या जुन्या वस्तीत एका बोळात आमची खोली होती. इमारत इतकी अरुंद की जिन्यात सॅक दोन्ही भिंतींना घासत होती. खाली रस्त्यावर दुचाक्यांचा लोंढा. एका स्कूटरवर उभं कपाट बांधलेलं, दुसरीवर आईबाप आणि मध्ये झोपलेलं पोर. फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून माणसं वाडग्यातून नूडल्स ओढत होती. सिग्नलला कुणी जुमानत नव्हतं. रस्ता ओलांडायचा तर थांबायचं नाही, पळायचं नाही, एकसारखं चालत राहायचं, गाड्या आपल्याला वळसा घालून जातात, हे ह्यांनी घरीच वाचून ठेवलं होतं. माझा जीव मुठीत आणि हे पुढं हसत.

तिथं शाकाहारीला 'चाय' म्हणतात. हे प्रत्येक टपरीवर छातीवर हात ठेवून "चाय, चाय" म्हणायचे. एका बाईनं हसत हसत आम्हाला टोफू आणि भाजी घातलेला भात वाढला. "बघ, काही अडलं का?" असा चेहरा करून हे माझ्याकडे बघत होते. इतकं खूश झालेलं मी त्यांना मुलीच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर परतताना त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, नाश्ता किती वाजता? तिनं सांगितलं. जिन्याशी जाऊन ते परत फिरले आणि तेच विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. वर पोचल्यावर मला म्हणाले, "अगं, नाश्त्याचं विचारायचं राहिलं." मला वाटलं, प्रवासाचा शीण. दोन विमानं, झोप नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर हे केळी आणायला खाली उतरले. फळवाली आमच्याच बोळाच्या तोंडाशी बसायची, खिडकीतून तिची टोपी दिसत होती. मी केस विंचरले, पाण्याच्या बाटल्या भरल्या, सॅक आवरली. हे आले नाहीत. फोन लावला तर तो उशाशीच वाजला. मी चप्पल अडकवून खाली आले.

फळवालीपाशी नव्हते. मोठ्या रस्त्याला लागले तर कोपऱ्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीशी उभे. हातात केळ्यांची फणी. अंगाला घासून स्कूटरी जात होत्या आणि हे मान उंच करून रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. मी दंडाला धरलं.

"अहो, इथं काय करताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, पण घाईत असल्यासारखं. म्हणाले, "सणसरची गाडी हितूनच लागती न्हवं?"

सणसर त्यांचं गाव, बारामतीहून इंदापूरला जाताना लागणारं. पण ही बोली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. नोकरी लागली तेव्हाच ती त्यांनी गावाकडं ठेवली होती, असं सासूबाई म्हणायच्या.

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांचा घामानं ओला झालेला शर्ट दिसला. सकाळचा गारवा होता, मी स्वेटर घातला होता. मी म्हटलं, "गाडीला अजून वेळ आहे. चला, तोवर बसू." ते मुकाट्यानं माझ्याबरोबर आले.

खोलीवर ते झोपून गेले. मी खिडकीशी बसून मुलीला फोन करायचा की नाही ते ठरवत राहिले. दुपारी उठले तेव्हा पुन्हा आपले होते. छताकडे बघत म्हणाले, "मी काय बोललो मघाशी?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"पहिल्यांदा नाही हे," म्हणाले. "उन्हाळ्यात इंदापूरला निघालो होतो बघ मोटरसायकलवर. अंथुर्ण्याच्या पुढं गेलो आणि कळेना, इंदापूर कुठल्या बाजूला. आयुष्यभराचा रस्ता. गाडी कडेला लावून थांबलो. इंदापूरची पाटी लावलेली एसटी आली, तिच्या मागं मागं गेलो."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस का इथं?"

"म्हणजे म्हणून याच वर्षी?"

त्यांनी मान डोलावली. मला रडू आलं नाही, राग आला. अनोळखी मुलखात, जिथं मला पाणीसुद्धा मागता येत नाही, तिथं हा माणूस मला घेऊन आला होता, हे माहीत असून. मी तसं बोलले. आणखीही बरंच बोलले. ते उशीवर डोकं ठेवून ऐकत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "घरी बसून वाट बघायची नव्हती मला."

मग फोन केला, मुलगी म्हणाली लगेच निघा. मिळालं ते तिकीट तिसऱ्या दिवसाचं होतं. मधल्या काळात मी त्यांना एकटं सोडलं नाही. जवळच्या तळ्याकाठी बसलो. म्हाताऱ्या बायका संगीत लावून व्यायाम करत होत्या, हे कौतुकानं बघत होते. मी मात्र मिनिटामिनिटाला त्यांच्या तोंडाकडे बघत होते. जेवताना त्यांना 'चाय' हा शब्द आठवला नाही. वाढायला आलेल्या पोरापुढं छातीवर हात ठेवून ते नुसते उभे राहिले. मी शब्द सांगितला. त्यानंतर त्या शहरात त्यांनी स्वतःहून काही मागितलं नाही.

पुण्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या घरात, ओळखीच्या रस्त्यांवर हा विस्मरणाचा आजार बराच काळ झाकून राहतो, नव्या जागी गेलं की उघडा पडतो. औषधं लिहून दिली आणि यानं बरं होणार नाही हेही स्पष्ट सांगितलं.

मी नोकरी सोडली. बारामतीचा फ्लॅट बंद करून आम्ही सणसरला दिरांच्या शेजारी राहायला गेलो, तिथले रस्ते तरी त्यांच्या अंगात असतील म्हणून. पहिलं वर्ष तसंच गेलं. सकाळी उसाच्या कडेनं फिरून ते बरोबर घरी यायचे, दिरांशी बैलांच्या गप्पा मारायचे. बैल विकून कित्येक वर्षं झाली होती. दीर होला हो देत.

मग एकदा ते कालव्यात कमरेइतक्या पाण्यात उभे सापडले. पाणी मोजतोय म्हणाले.

दीर दुसऱ्याच दिवशी लोखंडी गेट घेऊन आले. "वहिनी, माझ्या हातानं दादाला कोंडायचं म्हणजे..." गेट भिंतीला टेकवून म्हणाले, "पर कालवा काय लांब हाय व्हय? कुलूप लावल्याबगर भागायचं न्हाय."

आता हे दिवसभर गेटपाशी खुर्ची टाकून बसतात. मला बाई म्हणतात, कधी मॅडम. परवा मी कपडे वाळत घालत होते तर जवळ येऊन, आवाज अगदी खाली करून म्हणाले, "बाई, साहेबांना सांगा ना. माझी बदली करा म्हणावं इथनं. मी काही केलेलं नाही."

सांगते म्हटलं. त्यांनी मला नमस्कार केला आणि परत जाऊन खुर्चीत बसले.